‘आई, तू बस’ हे आधी थांबवा : हालचाल आणि उतारवयातली स्मरणशक्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ७१. साताऱ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. वडील गेल्यावर दीड वर्षापूर्वी मुलाकडे पुण्याला आल्या, सातव्या मजल्यावर. गेल्या सहा-आठ महिन्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरल्या, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव आठवत नाही. गुडघे दुखतात म्हणून दिवसाचा बराच वेळ सोफ्यावर. मुलाने ट्रेडमिल आणली, मोबाइलवर शब्दकोडी घालून दिली, आणि आता विचारतो आहे : चालल्याने स्मरणशक्ती खरंच सुधारते का, आणि रोज किती चालायला हवं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चोवीस वर्षं साठीपुढच्या माणसांना उठवणं, चालवणं, पडण्यापासून जपणं हेच काम करते. ‘हो, रोज अर्धा तास’ एवढं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण त्याने तुमच्या घरात काही बदललं नसतं.

आधी दुधाबद्दल विचारते. दूध उतू गेलं, जळका वास आला, तुम्ही आईंना हाक मारली. तेव्हा त्या काय म्हणाल्या? ‘अगं बाई, मीच ठेवलं होतं की!’ म्हणाल्या, की ‘मी दूध ठेवलंच नाही’ म्हणाल्या? पहिल्या उत्तरात आठवण जागेवर आहे, लक्ष तेवढं सुटलं. फोन वाजला, बेल वाजली आणि दूध मागे पडलं. दुसऱ्या उत्तरात आठवण बनलीच नाही. या दोन्हींना आपण घरात ‘विसरणं’ म्हणतो, पण माझ्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हालचालीचा फायदा लवकर आणि ठळक दिसतो तो पहिल्या प्रकारात : लक्ष धरून ठेवणं, एका कामातून दुसऱ्यात जाणं आणि परत येणं, ठरवलेलं तडीला नेणं. नावं आठवण्यात फरक पडतो तो कमी आणि सावकाश. हे आत्ताच सांगते, नाहीतर महिनाभर चालून शेजारणीचं नाव आठवलं नाही की सगळं सोडून द्याल.

आणि चालायला लावण्याआधी एकदा डॉक्टर. बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम तपासून घ्या. आयुष्यभर शाकाहारी असलेल्या आपल्याकडच्या माणसांत बी-१२ कमी निघणं हे इतकं नेहमीचं आहे की ते बघितल्याशिवाय मी पुढचं बोलतच नाही. झोपेची गोळी, लघवी रोखण्याची गोळी, सर्दी-ॲलर्जीची गोळी, यांतल्या काही म्हाताऱ्या मेंदूला जड जातात, म्हणून औषधांची पूर्ण पिशवी घेऊन जा, नुसती चिठ्ठी नको. कान तपासा. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? आणि वडील जाऊन फार काळ झालेला नाही. शोक आणि उदासी या वयात पुष्कळदा विसरण्याचं रूप घेऊन येतात.

दोन खुणा मात्र लगेच धावपळ करण्यासारख्या. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, किंवा महिना-दीड महिन्यापूर्वी पडून डोक्याला मार बसला होता आणि आता सुस्ती आहे, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. दुसरी खूण चालीची. पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत उचलणं, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरणं ही तिन्ही एकत्र दिसली तर मेंदूतलं पाणी साठण्याचा एक आजार असू शकतो. हा विसरण्याच्या मोजक्या कारणांपैकी एक, ज्यावर शस्त्रक्रियेने खरोखर फरक पडू शकतो. तो आधी चालीत दिसतो आणि घरचे ‘गुडघ्यांमुळे आहे’ म्हणून सोडून देतात.

आता मूळ प्रश्न. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराची वीसेक टक्के ऊर्जा तो एकटा खातो. ती पोचते केसाइतक्या बारीक रक्तवाहिन्यांतून. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की या वाहिन्या आतून कडक आणि अरुंद होतात. मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, दाब उतरायला मदत करतात, झोप सुधारतात. मेंदूला मिळणाऱ्या फायद्याचा मोठा वाटा हा असा आडवाटेने येतो असं माझं मत आहे. दुसरा वाटा थेट आहे. व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. पेशी जगवणं आणि त्यांच्यातले जोड घट्ट करणं हे त्याचं काम. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेत फिरतं चाक दिलेल्या उंदरांच्या मेंदूत, नव्या आठवणी बनवणाऱ्या भागात, नव्या पेशी जास्त जगलेल्या दिसल्या.

तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. दोन्ही कानांच्या आत खोलवर, साधारण करंगळीएवढा. उतारवयात तो दर वर्षी एक-दोन टक्के आक्रसत जातो. २०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्मे आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटांपर्यंत झपाझप चालले, निम्म्यांनी ताणाचे आणि तोल सांभाळण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस दोन टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटला होता. हा आकडा व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आला असेल. त्याच्याबरोबर जे येत नाही ते असं : जागा लक्षात ठेवण्याच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले, आणि एक गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. चालणाऱ्यांत ज्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त वाढला त्यांची आठवण जास्त सुधारली, एवढं मात्र खरं. म्हणजे मेंदूच्या फोटोत दिसलेला बदल आणि रोजच्या जगण्यातला बदल यांत अजून अंतर आहे.

मोठे प्रयोग बघितले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, बसून राहणाऱ्या १,६३५ जणांपैकी अर्ध्यांना दोन वर्षं चालणं आणि ताकदीचे व्यायाम करवले आणि तुलनेसाठी उरलेल्या अर्ध्यांना नुसते आरोग्यवर्ग दिले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बुद्धीच्या चाचण्यांत फरक नाही. पण ऐंशीच्या पुढचे, आणि सुरुवातीलाच पायांनी जास्त दुबळे असलेले, यांच्यात लक्ष आणि नियोजनाच्या बाबतीत व्यायामवाले पुढे होते. मला यातून फार आशा वाटते, कारण ‘आता या वयात काय उपयोग’ हे वाक्य नेमकं त्याच माणसांबद्दल बोललं जातं. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर प्रयोग झाला, २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिथे आहार, व्यायाम, डोक्याचे व्यायाम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. फरक पडला. आणि तो सर्वांत जास्त पडला विचारांच्या वेगात आणि ठरवण्या-आखण्यात, साध्या पाठांतराच्या चाचण्यांत तितका नाही. म्हणून मी तुम्हाला दुधाचं विचारलं.

ताकदीच्या व्यायामाचं आपल्याकडे कुणी नाव घेत नाही, विशेषतः बायकांच्या बाबतीत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांवर वर्षभर काम झालं. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनाचे व्यायाम करणाऱ्यांचं लक्ष एका जागी धरण्याचं कौशल्य सुधारलं. चाचणी अशी असते की ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. तुम्हीही करून बघा, जीभ अडखळते. स्वयंपाकघरात टीव्ही चालू, नात बोलतेय आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, हे त्याच जातीचं काम.

आता थोडं कटू सांगते. ‘चालणाऱ्यांना विसरण्याचा आजार होत नाही’ असं जे म्हटलं जातं त्यातला काही भाग उलटा आहे. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांकडे २८ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांची हालचाल निदानाच्या नऊएक वर्षं आधीपासून कमी व्हायला लागली होती. माणूस कमी हलतो म्हणून विसरतो, तसंच मेंदू आतून बदलायला लागलेला असतो म्हणूनही माणूस कमी हलायला लागतो. बाहेर जाणं नको वाटतं, लग्नाला जाणं टाळलं जातं, बँकेत ‘तूच जाऊन ये’ होतं. घरचे म्हणतात, वय झालं.

आणि इथेच माझ्या मनातलं खरं म्हणणं येतं. आपण प्रेमापोटी म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं एकेक काम काढून घेतो. ‘आई, तू बस, मी करते.’ ‘आई, भाजी ॲपवरून मागवली.’ ‘आई, बिल ऑनलाइन भरलं.’ तुमच्या आईंचं साताऱ्याकडचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. सकाळी अंगण, तुळशीला पाणी, बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन मंडई. काय घरात आहे, काय आणायचंय हे डोक्यात. दगडगोट्यांच्या रस्त्यावर पाय सांभाळायचा. गवारीचा भाव तीन ठिकाणी विचारून चौथ्या ठिकाणी परत जायचं, म्हणजे तीन आकडे लक्षात ठेवायचे. सुट्टे पैसे मोजायचे. वाटेत जुनी विद्यार्थिनी भेटली, तिच्या आईचं नाव आठवायचं. परतताना हातात चार किलोचं ओझं आणि घराला दोन जिने. शरीर आणि डोकं दोन्ही एकाच वेळी वापरणारा, याच्याइतका भरगच्च व्यायाम मला माझ्या दवाखान्यात रचता येत नाही. तो दीड वर्षापूर्वी एका दिवसात बंद झाला, आणि त्याच्या जागी एक सोफा, एक मोबाइल आणि बाल्कनीतल्या चार कुंड्या आल्या.

माझ्याकडे एक काका यायचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तक्रार फक्त ‘तोल जातो’ एवढीच. व्हरांड्यात त्यांच्या बाजूने चालताना मी सहज विचारलं, ‘काका, काल भाजी कसली होती?’ ते थांबले. भिंतीला हात लावला. छताकडे बघून म्हणाले, ‘शेवग्याच्या शेंगा,’ आणि मग पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबले. चालत्या गाडीत तिकिटं फाडत, सुट्टे मोजत, ‘पुढे सरका’ म्हणत उभं आयुष्य काढलेला माणूस चालता चालता बोलू शकत नव्हता. स्वीडनमधल्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं : बोलण्यासाठी ज्यांना थांबावं लागतं त्यांचं पुढे पडण्याचं प्रमाण जास्त. निरोगी माणसाला चालायला लक्ष लागत नाही. मेंदूची शिल्लक कमी झाली की चालणं हेच एक काम होऊन बसतं. तुमच्या आईंच्या बाबतीत हे उद्या सकाळी बघा, त्यांना न सांगता. सोबत चाला आणि प्रश्न विचारा.

मग करायचं काय. ट्रेडमिल आत्ता नको. पट्टा हलतो तसे पाय हलतात, हात दांड्याला घट्ट, नजर समोरच्या भिंतीवर. वळायचं नाही, थांबायचं नाही, काही ठरवायचं नाही. शिवाय ७१ व्या वर्षी शिकताना पडण्याची भीती आहेच. त्यांना तिची सवय आणि आवड असती तर मी नको म्हटलं नसतं.

सुरुवात दहा मिनिटांनी करा, दिवसातून दोनदा, सोसायटीच्या आवारात. गुडघ्यांच्या झिजेत बेताने चालणं आणि मांडी बळकट करणं हेच दुखणं कमी करतं, बसून राहण्याने गुडघा आणखी आखडतो. पहिले दोन आठवडे थोडं दुखेल. चालून आल्यावर तासा-दोन तासांत दुखणं मूळ पातळीवर आलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल किंवा सूज आली तर वेळ निम्मा करा. चप्पल नको, मागून बंद असलेले बूट घ्या. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत या. वेग किती? बोलता यावं, पण अभंग सलग म्हणता येऊ नये, इतका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम. दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. ब्रिटनमधल्या ७८ हजार लोकांच्या नोंदींत दिवसाला ३,८०० पावलांच्या आसपासच डिमेन्शियाचा धोका पाव हिश्श्याने कमी दिसला, ९,८०० च्या आसपास निम्मा. ही नोंदींवरून काढलेली सांगड आहे, हमी नव्हे, पण सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी पहिली हजार पावलं सर्वांत मोलाची असतात हे मी रोज बघते.

ताकदीसाठी एकच व्यायाम आधी धरा : खुर्चीतून उठणं. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, पक्की खुर्ची. दोन्ही हात छातीवर आडवे. नाक पंजांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं आणि उठायचं, बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. पहिल्या दिवशी ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. या वयाच्या बाईला दहाच्या खाली जमत असेल तर पाय दुबळे आहेत असं समजा. हाताने मांडीवर रेटा दिल्याशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला कमी करा. याशिवाय ओट्याला धरून टाचा उचलणं, भाजी शिजेपर्यंत दहा-दहाचे दोन फेरे.

आणि आता डोक्याचं. जपानमध्ये ओबू इथल्या राष्ट्रीय वृद्धारोग्य केंद्राने एक प्रकार काढला आहे, पावलं टाकत मोजायचं आणि तीनच्या पटीला टाळी वाजवायची. मुद्दाम थोडं चुकेल इतपत अवघड ठेवायचं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावची मंगळागौर आठवली. झिम्म्यात काय असतं? पाऊल, समोरच्या बाईच्या हातावर टाळी, गाण्याची ओळ, आणि ओळ संपते तिथे जागा बदल. तुमच्या आईंना झिम्मा नक्की येत असेल. सोसायटीतल्या चारजणी जमवा, उड्या आणि फुगड्या वगळा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ च्या पुढच्या ४६९ जणांवर झालेल्या आणि २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचा डिमेन्शियाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. पाऊल, ताल, जोडीदार आणि पुढची हालचाल लक्षात ठेवणं, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं.

योगासनं करत असतील तर चालू ठेवा, तोल आणि श्वासासाठी छान आहेत. ती चालण्याच्या बदली धरू नका.

काळजी घ्यायची ती अशी : रक्तदाबाची गोळी चालू असेल तर झोपेतून उठल्या उठल्या नाही, पाच मिनिटं बसून मग. साखरेची इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी असेल तर उपाशीपोटी चालायचं नाही आणि खिशात दोन गोळ्या ग्लुकोजच्या. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबायचं.

पुढे कधी डिमेन्शियाचं निदान झालंच तर? तेव्हा मी खोटं आश्वासन देणार नाही. इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शियाच्या ४९४ जणांवर केलेल्या प्रयोगात, चार महिने जोरकस व्यायाम करवूनही विसरणं मंदावलं नाही. शरीर मात्र तंदुरुस्त झालं. निदानानंतर मी व्यायाम करवते तो पडू नये, स्वतःच्या पायाने संडासला जाता यावं, रात्री झोप लागावी, घरच्यांचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाता यावं यासाठी. ज्या घरात हे साधतं त्या घरातली पुढची वर्षं वेगळी जातात, हे मी खूप घरांत पाहिलं आहे.

या आठवड्यात एकच करा. भाजीचं ॲप बंद. सकाळी आईंना घेऊन जवळच्या मंडईत जा, यादी लिहून नेऊ नका, त्यांनाच विचारा घरात काय आहे आणि काय हवं. पिशवी त्यांच्या हातात, पैसेही त्यांच्या हातात. तुम्ही दोन पावलं मागे राहा. हिशेब चुकला तर लगेच तोंड घालू नका, त्यांना पुन्हा मोजू द्या. पहिल्या दिवशी पाऊण तास लागेल आणि तुम्हाला ऑफिसला उशीर होईल, म्हणून शनिवार निवडा.

तीन महिन्यांनी पुन्हा ३० सेकंदांची खुर्ची मोजा, पुन्हा चालता चालता भाजीचं विचारा, आणि कॅलेंडरवरच्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. तोवर रक्ताचे रिपोर्टही आलेले असतील. आणि दूध उतू गेल्यावर त्या काय म्हणाल्या होत्या, ते मला जमेल तेव्हा नक्की कळवा. पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरेल.